फुकटचं प्यादं

“वहिनी, ऐकलंत का? बी विंगच्या नानांना काल मंडपात आठ चालींत मात बसली.”

“नानांना? अहो, ते रेल्वेत असताना ऑफिसच्या टीममधून खेळायचे ना?”

“तेच ते. आणि कुणाकडून बसली? तळमजल्यावरच्या त्या नववीतल्या पोराकडून. लिफ्टमध्येसुद्धा मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो. तीन-तीन मिनिटांचा डाव. नानांची घड्याळाचं बटण दाबायची सवय व्हायच्या आत खेळ खलास. नाना पटाकडे बघत बसलेले आणि पोरगं उठून मोदक खातंय!”

“मुलगा हुशारच आहे म्हणा.”

“हुशार आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण त्यात डोकं किती आणि पाठांतर किती, ते मला विचारा. पुढचे त्याचे सगळे डाव मी खुर्चीमागे उभं राहून पाहिले. समोरच्याने वजिराचं प्यादं सरकवलं रे सरकवलं, की याचं तेच.”

“म्हणजे नक्की काय केलं त्याने? मला मेलीला घोडा अडीच घरं जातो, एवढंच येतं.”

“तेवढं पुरे. त्या गवारीच्या शेंगा ठेवा इथे कठड्यावर, दाखवते. नानांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं काढलं. साधी, सभ्य चाल. या पठ्ठ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं काढून थेट त्याच्या तोंडात दिलं. फुकट! नाना म्हणाले, ‘बाळा, चुकलास, परत घे.’ तर म्हणतो कसा, ‘नको आजोबा, खा तुम्ही.’”

“आणि नानांनी खाल्लं.”

“कोण सोडतं? मग याने वजिराकडचा घोडा काढला. नानांनी प्यादं राखायला आपला राजाकडचा घोडा काढला. याने वजीर राजाच्या पुढ्यात आणून बसवला. म्हणजे स्वतःच्याच उंटाची वाट अडवली. बघणाऱ्याला वाटावं, पोराला काही येत नाही. नानांनी प्यादं आणखी पक्कं करायला काळ्या घरातला आपला उंट एफ-चारवर नेला आणि तिथेच पाय घसरला. याचा वजीर बी-चारवर. राजाला शह, शिवाय एक डोळा त्या उंटावर आणि दुसरा बी-दोनच्या प्याद्यावर. नाना उंट मागे घेऊन शहाच्या आड घालतात, तोवर याने बी-दोनचं प्यादं उचललं. आता वजीर नानांच्या हत्तीच्या उरावर. तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“हत्ती वाचवला असता.”

“बरोबर! आणि तो वाचवता वाचवता वजिरावर उलटा हल्ला करता आला तर?”

“मग काय, दुधात साखर.”

“नानांना तेच वाटलं. उंट सी-तीनवर! हत्तीचं रक्षणही झालं आणि वजिरावर मारा पण. पुस्तकात शोभेल अशी चाल, आणि नेमकी तीच मारणारी. याचा उंट बी-चारला आला, की नानांचा उंट राजापुढे खिळला. हलायची सोय नाही. नानांनी वजीर डी-दोनवर आणला. याने उंट मारला. नानांनी वजिराने परत मारलं, आणि याचा वजीर सी-एकवर जाऊन बसला. मात. आठवी चाल. घोड्याने परत मारलं असतं तर मात टळली असती, पण कोपऱ्यातला हत्ती शहासकट गेला असता.”

“अगं बाई! मग यातून सुटका नाहीच का?”

“आहे ना. एका चालीत आहे. उंटाऐवजी घोडा सी-तीनवर आणायचा, बस्स. हत्ती राखला गेला, घोडा बाहेर आला, पुढे तोच घोडा बी-पाचवर जाऊन सी-सातच्या घरावर डोळा ठेवतो. मग पळापळ त्या काळ्या वजिराची. कॉम्प्युटरला विचाराल तर तो पहिल्या चालीपासूनच पांढऱ्याच्या बाजूने कौल देतो. प्यादं फुकट देऊन केलेल्या या सुरुवातीला एंग्लुंड गॅम्बिट म्हणतात, स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंड यांच्या नावावरून. मोठ्या स्पर्धांत, दोन-दोन तासांच्या डावात, काळ्याकडून असलं काही पाहायला मिळणं मुश्किल.”

“मग ही पोरं का खेळतात?”

“कारण त्यांच्याकडे दोन तास नसतात, तीन मिनिटं असतात. हिशेब करा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. डाव चाळीस चालींचा धरला, तर चालीमागे साडेचार सेकंद. या पोराला पहिल्या आठ चाली पाठ, त्याचे सगळे मिळून दहा सेकंद जातात. समोरच्याला मात्र तिसऱ्या चालीलाच घाम फुटतो की हे काय आहे बुवा! तो अर्धा मिनिट विचार करतो. समजा तो सापळ्यात नाही सापडला, तरी घड्याळात मागे पडलाच. तीन मिनिटांच्या खेळात अर्धा मिनिट म्हणजे एका प्याद्याहून जास्त माल झाला, वहिनी. आवळा देऊन कोहळा!”

“पण मग ताई, मला सांगा, अगदीच नवखा असेल तर तो काय करेल? माझ्यासारखा?”

“तुम्ही बहुतेक वाचाल! खरं सांगते. तुम्हाला प्यादं राखायचंच सुचणार नाही, काहीतरी भलतंच सरकवाल. या सापळ्यात सापडतो तो अर्धवट शिकलेला. ‘सोंगट्या लवकर बाहेर काढा, प्यादं मोफत सोडू नका, वजिरावर हल्ला करून चाल कमवा’ हे ज्याला शिकवलंय आणि ज्याने ते इमानाने ऐकलंय, तो. चांगला सापळा कसा ओळखायचा? ज्यात चांगल्या सवयीचा माणूस अडकतो, तो चांगला सापळा. म्हणून तर नाना अडकले.”

“आमच्या लालचौकीच्या भाच्याला सांगायला हवं. तोही कल्याणहून ठाण्याला जाताना गाडीत हेच करत असतो.”

“त्याला काय सांगताय, तो या पोराचा गुरू शोभेल! मागे आला होता तेव्हा त्याने मला दुसराच प्रकार दाखवला. स्टॅफर्ड गॅम्बिट. दोन्हीकडून राजाची प्यादी समोरासमोर, पांढऱ्याचा घोडा बाहेर, काळ्याचाही घोडा बाहेर. पांढऱ्याने घोड्याने प्यादं खाल्लं, की काळ्याने ते परत मिळवायचं सोडून दुसरा घोडा त्याच्यासमोर आणून उभा करायचा. घोड्याला घोडा मारला जातो, प्यादं गेलं ते गेलंच. पण काळ्याच्या दोन्ही उंटांना रस्ते मोकळे. मग पांढऱ्याने अंगावर आलेला घोडा खिळवायला उंट जी-पाचवर आणला, की हा तोच घोडा उचलून मधलं प्यादं खातो आणि वजीर उघडा टाकतो.”

“वजीर? फुकट?”

“फुकट! समोरचा म्हणतो, वा, लॉटरी! आणि वजीर खातो. मग याचा उंट एफ-दोनवर शह, राजा पुढे पळतो, आणि दुसरा उंट जी-चारवरून मात. पांढऱ्याच्या हातात वजीर आहे आणि राजा मेलाय. करोनात सगळे घरी बसले होते ना, तेव्हा अमेरिकेचा एरिक रोझेन नावाचा इंटरनॅशनल मास्टर हे खेळून दाखवायचा. वजीर गेला की अरेरे करून असा सुस्कारा सोडायचा, की बघणाऱ्याची करमणूक. त्यात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर ती ‘क्वीन्स गॅम्बिट’ आली. इकडे समय रैनासारखे विनोदवाले बुद्धिबळ खेळत थेट प्रक्षेपण करायला लागले. पोरांच्या हाती मोबाइल होतेच. तेव्हापासून घरोघरी गॅम्बिट.”

“तरीच! भाच्याचं ते रेटिंग की काय, ते लॉकडाउनमध्ये भराभर चढलं. आणि आता वर्षभर तिथेच अडकलंय म्हणून कुरकुरतो.”

“अडकणारच. खालच्या पायऱ्यांवर दहातले सहा जण सापळ्यात पडत असतील, वरच्या पायरीवर एखादा. उरलेल्यांना ती घोड्याची चाल पाठ असते. मग एक प्यादं कमी घेऊन डाव खेळायचा, आणि पुढचा डाव याने कधी शिकलेलाच नसतो. दोन हत्ती आणि चार प्यादी उरली, की हा पटाकडे असा बघतो जसा पहिल्यांदाच— आले बघा, नाना आले! नाना, अहो इकडे या, तुमचाच विषय चाललाय.”

“माहीत आहे मला, ताई. अख्ख्या सोसायटीत दुसरा विषय आहे का?”

“नाना, वाईट वाटलं का हो?”

“छे, वाईट कसलं, वहिनी? राग आला, तो माझाच. रात्री नातवाच्या लॅपटॉपवर बसलो. दीड वाजेपर्यंत. हिने दोनदा दिवा बंद केला. तेव्हा कळलं, सी-तीनवर उंट नव्हे, घोडा. एवढंच! पन्नास वर्षं खेळतोय, पण हे प्यादं कुणी असं तोंडात दिलंच नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळी तर शक्यच नव्हतं.”

“का बरं?”

“ते देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. दोन्ही फौजा समोरासमोर येईपर्यंत माणसाचा पहिला चहा संपायचा. पहिल्या मिनिटाला कुणी कुणाचा गळा धरायचं नाही.”

“पण नाना, साहेब लोक तेव्हाही असले उद्योग करतच होते. तुम्हीच मागे ते कलकत्त्याचं सांगितलं होतं.”

“हो, जॉन कॉक्रन. बॅरिस्टर होता तिथे. १८४८ची गोष्ट. मोहेशचंद्र बॅनर्जी म्हणून एक बंगाली गृहस्थ होते, ते त्याच्याशी खेळायचे. त्यांच्याविरुद्ध कॉक्रनने चौथ्याच चालीला अख्खा घोडा एफ-सातच्या प्याद्यावर नेऊन टाकला. दोन प्यादी आणि मोकळ्यावर आलेला राजा, एवढ्यासाठी घोडा दिला. त्याला अजून कॉक्रन गॅम्बिट म्हणतात. आणि हे केवळ करमणुकीचं नाही बरं का. १९९९ला लिनारेसला टोपालोव्हने क्रामनिकविरुद्ध तेच खेळलं. क्रामनिक पुढे विश्वविजेता झाला, टोपालोव्हही झाला. डाव बरोबरीत सुटला. बॅनर्जींचं नाव मात्र आपल्याकडे कुणाला माहीत नाही.”

“मग नाना, कॉक्रनला शाबासकी आणि आमच्या पोराला बोल, असं का?”

“बोल कुठे लावतोय मी? फरक आहे, एवढंच म्हणतो. कॉक्रनने घोडा दिला आणि पुढे प्रत्येक चाल स्वतः शोधली. माईल्सचं बघा. १९८० साली, स्वीडनमध्ये स्कारा इथे. समोर कार्पोव्ह, त्या वेळचा विश्वविजेता. टोनी माईल्सने पहिल्या चालीला कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं, दुसरीला त्याच्या शेजारचं दोन घरं. बघणाऱ्यांना वाटलं, चेष्टा करतोय. जिंकला तो! पण सापळा लावून नाही. कार्पोव्हला पाठ असलेल्या वाटेवरून खाली उतरवलं आणि मग चांगला खेळला. तेही मोठ्या डावात.”

“आणि त्या कार्लसनचं काय हो? तो तर राजाच पुढे काढतो म्हणे दुसऱ्या चालीला.”

“ती चेष्टाच होती, ताई. मार्च २०२१, ऑनलाइन स्पर्धा, समोर नाकामुरा. कार्लसनने दुसऱ्या चालीला राजा एक घर पुढे, नाकामुराचाही राजा पुढे, मग दोघेही मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि बरोबरी. दोघेही हसत होते. ज्यांना सगळं येतं त्यांनी अशी थट्टा करावी.”

“नाना, तुम्ही पुरुष लोक फार लवकर ‘कुणी काय करावं’ ठरवता हो. रोहिणी खाडिलकरचं आठवतंय ना? आपल्या ‘नवाकाळ’च्या खाडिलकरांची मुलगी. १९७६ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तेरा वर्षांची होती. केवढा गदारोळ! हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, बायकांना अडवता येणार नाही. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. आमच्या लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता तेवढीच चर्चा. वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बहिणी. १९७४ला बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, ती पहिली वासंतीनेच जिंकली. आणि १९८१ला रोहिणी आशियाई विजेती. काय करावं ते लोकांना विचारत बसल्या असत्या, तर झालं असतं का हे?”

“नाही, ते मान्य.”

“मग? आता तर नागपूरच्या दिव्याने हद्दच केली. २०२५च्या जुलैत बाटुमीला महिलांचा विश्वचषक. अंतिम सामना कोनेरू हंपीशी. मोठे दोन्ही डाव बरोबरीत, मग रॅपिडमध्ये निकाल. एकोणीस वर्षांची पोरगी, तिथल्या तिथे ग्रँडमास्टर झाली.”

“बघा! म्हणजे झटपट खेळ काही वाईट नाही.”

“वाईट कोण म्हणतंय, वहिनी? पण रॅपिड वेगळं आणि ब्लिट्झ वेगळं. दहा मिनिटं किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, त्याच्या वर साठ मिनिटांच्या आत म्हणजे रॅपिड. मोबाइलवर त्याहून खाली बुलेटही असतं, एक मिनिटाचं. रॅपिडमध्ये विचार करायला जागा असते. फास्ट लोकल झाली तरी ठाण्याला थांबते, तसं. बुलेट म्हणजे नुसतं दार धरून लोंबकळणं.”

“लोकलवरून आठवलं. भाचा सांगत होता, पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, की नेट जायचं. समोरचा कुठल्या देशात बसलेला, त्याला काय बोगदा दिसतोय? याचं घड्याळ आपलं पळत राहायचं. वजीर जास्त असताना हरलाय म्हणे.”

“हा हा! त्याला म्हणावं, दिवा स्टेशनला जिंकलेले डाव मुंब्र्याच्या आत संपवायचे!”

“नाना, पण खरं सांगा. त्या पोराने लबाडी केली का?”

“अजिबात नाही. सगळं पटावर उघडं होतं. मी हावरटासारखं प्यादं धरून बसलो. ते परत देऊन टाकून घोडे बाहेर काढले असते, तर त्याचा वजीर उगाच राजासमोर उभा राहून स्वतःच्याच उंटाला अडवत बसला असता. नियमाने खेळला, जिंकला. मी त्याला हात मिळवला आणि दुसऱ्या मोदकाला हो म्हटलं.”

“मग तुमचं म्हणणं तरी काय?”

“माझं म्हणणं त्याच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. ताई, समितीत तुम्ही आहात ना? वयोगट कुठलाही असो, आपण सगळ्यांना तीन-तीन मिनिटं लावतो. का? तर संध्याकाळच्या आरतीच्या आत अंतिम सामना उरकायचा असतो. सात वर्षांचं पोर, चौदा वर्षांचं पोर आणि मी, सगळे एकाच मापात. मग पोरं तेच शिकणार ना, जे तीन मिनिटांत चालतं? माझी ठाण्याची नात नौपाड्यात बुद्धिबळाच्या क्लासला जाते. तिथल्या सरांनी सांगून ठेवलंय, पहिली दोन वर्षं गॅम्बिट बंद. मला ते जरा कडक वाटतं. मी म्हणतो, खेळू दे की. दोन-चारदा प्यादं देऊ दे, मार खाऊ दे. पण हरल्यावर बसून बघायला वेळ द्या, की कुठे फसलं. ज्याला आपला गॅम्बिट का चुकतो ते सांगता येतं, त्याने तो खुशाल खेळावा.”

“हे मात्र पटलं, नाना. काल त्या पोराला मी विचारलं, समोरच्याने घोडा सी-तीनवर काढला तर? म्हणतो, ‘मावशी, तसं कुणी खेळतच नाही.’”

“उद्या खेळणार आहे की! उद्या माझा आणि त्याचा साखळीतला दुसरा डाव. पांढरी सोंगटी माझीच.”

“नाना! म्हणून दीड वाजेपर्यंत लॅपटॉप?”

“मग काय उगाच? आणि हो, त्याला सांगू नका. वहिनी, तुमच्या पोटात राहत नाही म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतोय.”

“माझ्या पोटात? अहो, पाणी आलं की लगेच आत जाणारे मी! कुणाला सांगणार?”

“तळमजल्यावरची वहिनी पाणी भरायला त्याच वेळी बाहेर येते, म्हणून म्हटलं. पण ताई, समितीचं बघा. रविवारी बैठक आहे. चौदाच्या आतल्या मुलांना पंधरा-पंधरा मिनिटं द्या, सामने शनिवारी दुपारपासून सुरू करा. घड्याळं कमी पडली तर माझ्याकडची दोन मी देतो. आणि प्रत्येक फेरीनंतर पाच मिनिटं दोघांनी एकत्र बसून डाव परत मांडायचा, हा नियमच करा.”

“मी मांडते ठराव. पण माझा एकटीचा आवाज कोण ऐकतंय? वहिनी, तुम्ही आणि भाऊजी दोघंही या रविवारी. हात वर करायला माणसं लागतात.”